त्रेचाळीस पिंपं आणि विमानाचा कर

नाही ठेवला हो! एकानेही विश्वास ठेवला नाही माझ्यावर. साहेबाने नाही, शिपायाने नाही, पंच म्हणून रस्त्यावरून धरून आणलेल्या त्या दोन चहावाल्यांनी नाही, आणि खुद्द माझी धाकटी जाऊ जिजा, जिने माझ्याबरोबर कंबर मोडेस्तोवर विहिरीचा दोर ओढला, ती तिसऱ्या महिन्यात माझ्या कानाशी येऊन विचारते, "आक्का, खरं सांग, तेलच होतं का गं?" आता हिला काय म्हणू? पाणी हो, पाणी! विहिरीचं पाणी!

थांबा, पहिल्यापासून सांगते. बदलापूरला शिरगावच्या अंगाला माझी वखार. तेलाची रिकामी पिंपं विकत घ्यायची, फोडायची, आत पेंढा जाळून भाजायची, राखेने घासायची आणि शेतकऱ्याला भात ठेवायला द्यायची, एवढा धंदा. वखार कागदावर मालकाच्या नावाने. म्हणजे आमच्या ह्यांच्या. हे जाऊन दोन वर्षं झाली होती, मी नाव बदलायला गेले तर म्हणाले दाखला आणा, दाखला नेला तर म्हणाले साहेब रजेवर, साहेब आले तर कपाटच दुसऱ्या कचेरीत गेलेलं... राहिलं ते राहिलं.

तर सत्याऐंशी सालचा चैत्र. उल्हासनगरचा टेकूमल शेठ टेम्पोभरून त्रेचाळीस पिंपं उतरवून गेला. "बाई, एरोप्लेनवाला ड्रम है, साईं! ऐसा पत्रा पूरे इंडिया में नहीं मिलेगा!" पत्रा होता खरा जाडजूड, खोटं कशाला बोलू. वर पांढऱ्या रंगात फूटभर इंग्रजी अक्षरं. मी चौथी पास, तीही मराठी. मला ती अक्षरं म्हणजे रांगोळी!

पिंपं आली की पहिलं काम पाणी भरायचं. का, विचारा ना! साहेबाने विचारलं नाही, तुम्ही तरी विचारा! अहो, तेलाचं रिकामं पिंप रिकामं नसतं, आत वाफ दडून बसलेली असते. छिन्नी लावली, ठिणगी पडली की खलास. मागे विठ्ठलवाडीला एका शहाण्याने कोरडंच पिंप फोडायला घेतलं, तर झाकण सापडलं समोरच्या चाळीच्या कौलांवर, आणि त्या शहाण्याच्या भुवया अजून उगवतायत! म्हणून गळ्यापर्यंत पाणी भरायचं, वाफ हाकलायची, मग छिन्नी. मी आणि जिजाने सहाशे हंडे ओढले, सहाशे! मे उजाडेस्तोवर विहिरीत बेडूक राहिला आणि चिखल.

आणि अशात आले हिंदुरावसाहेब. एक्साइजचे इन्स्पेक्टर. अंबरनाथच्या कुठल्या कंपनीत निघाले होते, रस्त्यावरून ती अक्षरं दिसली, स्कूटर वळवली. डोळ्याला चष्मा, काखेत फाइल, आणि चेहऱ्यावर असा आनंद... पोरगा झाल्यासारखा!

"बाई, हे विमानाचं इंधन आहे."

म्हटलं, "साहेब, पिंप विमानाचं. आत पाणी आहे."

त्यांनी बूच काढून काठी घातली. काठी गळ्यापर्यंत ओली. नाकाला लावली. "वास येतोय!" येणारच की! तेलाच्या पिंपात गंगाजळ ओतलं तरी घासलेटासारखाच वास मारणार! पण नाही. चष्मा पुसत म्हणतात कसे, "बाई, मे महिना चालू आहे. सगळ्या कुळगाव-बदलापुरात नळाला दोन दिवसांआड पाणी. टँकरवर बायका एकमेकींच्या झिंज्या उपटतायत. आणि तुमच्याकडे आठ हजार सहाशे लिटर पाणी नुसतं पिंपात भरून ठेवलेलं? कोण विश्वास ठेवेल?"

"मागे विहीर आहे, बघा जाऊन!"

गेले. वाकले. आले. "विहीर कोरडी आहे."

"कोरडीच असणार! पाणी पिंपात आहे ना!"

तर लिहितात, मोठ्याने म्हणत म्हणत लिहितात, 'समाधानकारक खुलासा नाही.'

मी म्हटलं, काडी ओढून टाका आत. तो माणूस असा उडाला मागे, पार स्कूटरच्या पलीकडे! म्हटलं, बरं, मी पिऊन दाखवते. तर म्हणे, "पुरावा नष्ट केल्याचं कलम लागेल!" पाणी हो, पाणी! प्यायले तर गुन्हा, नाही प्यायले तर तेल!

एक बाटली भरून तपासणीला मुंबईला गेली. पिंपांच्या बुचांना लाख लागली, वखारीला कुलूप लागलं, आणि वर साहेब सांगतात, "रिपोर्ट येईपर्यंत दर महिन्याला पत्रक भरायचं. आधी किती तेल होतं, किती तयार झालं, किती बाहेर गेलं, उरलं किती, कर किती. चार प्रती. नाही भरलं तर वखार जप्त." जप्त! दोन घरांच्या चुली त्या वखारीवर, माझी आणि जिजाची, आणि हा माणूस जप्त असं म्हणतो जसं कोणी म्हणावं, चहा!

पहिलं पत्रक मी इमानदारीने भरलं. 'तेल: शून्य. पाणी: त्रेचाळीस पिंपं.' कारकुनाने परत केलं. म्हणाला, "बाई, पाण्याचा रकाना नाही." घ्या! सरकारच्या कागदात विमान बसतं, पाणी बसत नाही! मग त्याने सांगितलं तसं लिहिलं, 'तेल: त्रेचाळीस पिंपं', खाली सही ठोकली. ही माझी अक्कल!

जून संपता संपता साहेब काठी घेऊन हजर. जुनी पिंपं, तळाला झिरपलेली. तीन बोटं कमी भरलं.

"माल कुठे गेला?"

"जमिनीत."

"कोणाला विकला, बाई?"

"गांडुळांना!"

कर लावला. खरं सांगते तुम्हाला, चलान घेऊन बँकेत उभी राहिले आणि विमानाचा कर भरला. विमान बघितलं नाही कधी जवळून, त्याच्या पोटातलं काय ठाऊक नाही, आणि कर भरला. झिरपलेल्या पाण्याचा!

आता पुढच्या महिन्यात तरी कमी पडू नये की नाही? पिंपाला बुचं दोन असतात, एक मोठं, एक छोटं. सरकारने लाख लावली मोठ्याला. छोट्याकडे बघायची अक्कल कुणाला! कुंपणाची एक फळी सरकवली आणि जिजाला म्हटलं, नरसाळं घे, कळशी घे, मागच्या खेपेला साहेबांची काठी भिजली तेवढंच भर. पण जिजा म्हणजे जिजा. मन मोठं. भरली ती पार तोंडापर्यंत!

साहेबांनी काठी घातली आणि डोळे असे! "वाढलं! बाई, इथे विमानाचं तेल तयार होतं? कारखान्याचा परवाना कुठाय?"

कारखाना! एक जाऊ, एक कळशी, एक नरसाळं! लागला पुन्हा कर, तयार केल्याचा. जिजा रडायला लागली. मी म्हटलं, "साहेब, पाया पडते, पाणी हो, पाणी!" तर म्हणतात, "मागच्या दोन पत्रकांवर तर तुम्हीच तेल लिहिलंय."

ऑगस्टात रिपोर्ट आला. एका ओळीचा. 'नमुना: पाणी. गंज आणि शेवाळ.' मी गूळ वाटला, अख्ख्या गल्लीत गूळ वाटला! आणि साहेबांकडे बघते तर तोंड उतरलेलं.

"बाई, भानगड वाढली. तेल होतं, हे तुमच्या सहीने आहे. त्यावर कर भरलाय, म्हणजे होतंच. आता पाणी आहे. म्हणजे कोणीतरी तेल काढलं आणि पाणी भरलं."

"मीच भरलं! मे महिन्यापासून बोंबलतेय, मीच भरलं!"

आणि तेव्हा, पहिल्यांदा, त्या माणसाने मान डोलावली. "हे मात्र पटतं."

खरं पटलं, ते गुन्हा म्हणून! पण अडकले होते तेही, पंचनाम्यावर त्यांचीच सही की! इकडे बघितलं, तिकडे बघितलं, हळूच विचारतात, "वखारीचा परवाना कोणाच्या नावावर?"

"मालकांच्या."

"कुठे असतात?"

"वर."

साहेबांचा चेहरा खुलला. "मग पाणी त्यांनीच भरलं."

"अहो साहेब, पिंपं यायच्या आधी दोन वर्षं ते गेले!"

"तारखा सांगू नका, बाई. मयतावर खटला चालत नाही. फाइल बंद, कुलूप आजच निघतं. हवंय की नको?"

हवंय की नको! भात कापणीला दोन महिने, गिऱ्हाईक दाराशी येऊन परत जातंय... म्हटलं, लिहा. तर कागद माझ्यापुढे सरकवला. "नाव तुम्ही घाला."

आता आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. सव्वीस वर्षांत मी घेतलं एकदा, लग्नाच्या उखाण्यात, तेही जोडव्यांकडे बघत. आणि घ्यावं असा माणूस तरी! बाजेवर पडून "पाणीऽऽ" म्हणून ओरडायचा, माठ हाताच्या अंतरावर! उभ्या जन्मात एक तांब्या बुडवला नाही त्याने, आणि सहाशे हंडे, माझे खांदे, जिजाची कंबर... सगळं त्याच्या खात्यात! पण कुलूप समोर लटकत होतं, किल्ली साहेबांच्या खिशात. कागदावर छापल्यासारखं लिहिलेलं, 'त्रेचाळीस पिंपांत पाणी भरणारा इसम', आणि पुढे रिकामी जागा. घेतलं पेन, आणि चौथीतल्या गोल अक्षरात काढलं एकेक अक्षर... नाथा.