कोऱ्या रकान्यातली रेघ

—नाही नाही, बसा ना भाऊ, उभे काय राहिलात! साक्षीचं सामान देते मी, बांधूनच ठेवलंय, पण आधी पाणी घ्या. देवळ्याहून आलात, बाहेर ऊन नुसतं मी म्हणतंय. राग असणारच तुमच्या मनात, माझ्या मुलीला काढलं असतं तर मीही भांडले असते—पण लॅबमध्ये नळ्यांची अदलाबदल म्हणजे काय साधी गोष्ट आहे? नाहीच. आमच्या लॅबप्रमुख सरांचाही नाइलाज होता.

समजावून सांगू? यीस्ट म्हणजे खमीर हो, पाव फुगतो, आपल्या नाशकात वाईन होते, तेच. त्यात एक एन्झाइम असतं, डोळ्यांना न दिसणारं. ते सशाला टोचायचं, मग त्याच्या रक्तात ते ओळखणारी प्रतिपिंडं तयार होतात—त्यांना चमकणारी खूण जोडायची. मग यीस्टचा रस एका पट्टीवर रकान्यारकान्यांत उतरवायचा, जिथे एन्झाइम तिथे ती चिकटतात, चमकती रेघ उमटते. आणि शेजारच्या रकान्यात मुद्दाम असं यीस्ट घालायचं, ज्यात ते एन्झाइम नाहीच. तो रकाना कोरा राहायला हवा. साक्षीच्या हातून तिथेही रेघ आली. मग मी सरांना म्हटलं, पोरीनं नळ्या बदलल्या—दुसरं काय म्हणणार?

तशी हुशार हो ती. तीच म्हणाली होती, मॅडम, सशाच्या रक्तात मुळातच यीस्टला चिकटणारं काहीबाही असतं, तर सीरम—म्हणजे त्या रक्तातलं पिवळसर पाणी हो—आधी त्या बिनएन्झाइमच्या यीस्टमध्ये घोळवून घेऊ या, नको ते तिथेच चिकटून राहील. बरोबरच होतं तिचं, वर्गात मीच शिकवते! पण सीरम उरलेलं इवलंसं, घोळवण्यात आणखी गेलं असतं, आणि माझा—म्हणजे आमचा—पेपर छापायला जायचा होता. मी म्हटलं, उगाच फाटे फोडू नकोस. म्हणून काही नळ्या बदलल्याच नसतील असं नाही, हं—काल मी स्वतः करून पाहिलं. सगळ्या नळ्या माझ्या हातच्या. कोऱ्या रकान्यात रेघ आली. तीच, तेवढीच जाड.

असं बघू नका ना. लाज वाटते मला. सरांना सांगणारच आहे मी. तिची जागा आज दुसऱ्या कुणाला देतायत, त्याआधी सांगितलं तर—हो, येईल ना परत, का नाही येणार? एका शब्दाचं काम आहे.

काय म्हणालात? साक्षीनं घरी सांगितलं, चूक माझीच म्हणून? अजून आठवत बसते, नळी नेमकी कुठे बदलली म्हणून? रडते? अहो, पण तिनं—

थांबा. सर आले.

या ना, सर. नाही, काही विशेष नाही—हे साक्षीचे वडील. निघालेच होते. हो ना भाऊ? निघताय ना?