सदतिसावा अंक आणि उनाबाईंची भिंत

...नाही, पण तुम्हीच सांगा, जुनी वर्तमानपत्रं म्हणजे किती जुनी, हे काय मी तोंडाने सांगायला हवं? परवा फाटकाशी दोरीने बांधलेला गठ्ठा, वर चिठ्ठी, 'क्लेमसाठी', म्हणजे माझ्यासाठी. उघडतो तर मागल्या हिवाळ्यातल्या फुटबॉलच्या पुरवण्या! ठेवणारा बेकरीवाला नॅन्कार्व्हिस, भेटला की विचारतो, उपयोग झाला ना? झाला बाबा, कोंबड्यांखाली पसरल्या...

तुम्हाला सांगतो, मी जमवतो ते आमच्या या गावचं जुनं वर्तमानपत्र, 'टिनपॉट गली मर्क्युरी'. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी इथे सोनं निघालं, आठ हजार माणसं तंबू ठोकून बसली, एकाने बैलगाडीवर घालून छापयंत्र आणलं, एकसष्ट अंक काढले, सोनं संपलं, माणसं पांगली, संपादक सगळ्यांच्या पुढे. त्यातले साठ अंक माझ्याकडे आहेत. चौदा वर्षं घालवली. सदतिसावा तेवढा नाही. आणि छत्तिसाव्यात काय, तर एका खाणीवरून दोन सख्खे भाऊ फावडी उगारून उभे, आणि अडतिसावा उघडावा तर 'गेल्या अंकात सविस्तर दिल्याप्रमाणे सर्व गोडीने मिटले'. अहो, पण कसं मिटलं? चौदा वर्षं मी त्या फावड्यांखाली उभा आहे!

म्हणून गावभर सांगून ठेवलं, जुनी वर्तमानपत्रं असतील तर कळवा. झालं... जुनी म्हणजे किती जुनी? एकीने तर कालचं आणून दिलं, म्हणाली, माझं वाचून झालंय.

आणि मग उनाबाई पोल्ग्लेज. वय नव्वद, राहणार खाणकामगारांच्या शेवटच्या झोपडीत. म्हणाल्या, आमच्याकडे आहेत, पण भिंतीला. तर आमच्याकडे ही रीत, थंडी आत येऊ नये म्हणून फळ्यांवर गोणपाट ठोकायचं, त्यावर पिठाच्या खळीने वर्तमानपत्रं चिकटवायची, ती काळवंडली की त्यांच्यावर नवी. उनाबाईंच्या स्वयंपाकघरात असे अकरा थर. चुलीशेजारी एक कोपरा सुटला होता, मी चष्मा पुसून वाकलो, आणि तळाशी... 'मर्क्युरी, अंक ३७'.

किटलीची वाफ सोडायची, पातळ सुरीने एकेक थर उचलायचा, एवढंच काम. वरच्या थराला सुरी लावली तर उनाबाई कपबशा मांडता मांडता म्हणाल्या, "तिथे नको. तिथे लेस आहे."

लेस म्हणजे यांचे यजमान, जाऊन वीस वर्षं झाली. वाकून पाहिलं तर चौतीस सालचा क्रिकेटचा सामना, त्यात एक ओळ, एल. पोल्ग्लेज, त्रिफळाचित, शून्य. मी म्हटलं, उनाबाई, अलगद काढतो, चौकटीत घालून देतो, अगदी काचेत.

"काचेत कशाला? तो तिथेच असतो. मी चुलीशी उभी राहिले की बरोबर डोळ्यांसमोर."

मी म्हटलं, पण शून्य हो.

"माझ्याकडे बघत होता ना," बाई म्हणाल्या. "चेंडू कुठे बघतोय! संध्याकाळी घरी येऊन मागणी घातली. म्हणाला, आता तुझ्यापायी गावात तोंड दाखवायला जागा नाही, निदान तू तरी हो म्हण." आणि दूध आणायला मागच्या खोलीत गेल्या.

आता बघा. बाई आत, हातात सुरी, वाफ तयार, खाली चौदा वर्षं. ती ओळ फाटली असती तर म्हणता आलं असतं, अरेरे, कागदच जुना... जुना म्हणजे किती जुना! मी सुरी ठेवली. पीठ मागितलं, खळ शिजवली, आणि सुटलेला कोपरा या हातांनी, या माझ्या हातांनी, लेससकट घट्ट बसवून टाकला. ते दोघे भाऊ आत, फावडी उगारलेलीच.

उनाबाईंनी भिंतीवरून हात फिरवला, म्हणाल्या, "खळ छान करतोस रे, क्लेम. मंगळवारी ये, मागची खोली उरलीय. कागद मात्र तुझे तू आण."

जातोय मंगळवारी. नॅन्कार्व्हिसला सांगून ठेवलंय, असतील तेवढ्या पुरवण्या दे.