दस्तगीरचे हलते ओठ

दस्तगीरचं नाव काढलंसा म्हणून सांगतो. कोल्हापुरात पिक्चरमध्ये गाणारा हिरो व्हायच्या आधी त्यो कबनूरला माझ्याशेजारी माग चालवायचा. त्या खडखडाटात काय ऐकू येतंय? आमी एकमेकांचे ओठ बघूनच बोलणं वळखायचो.

त्याच्या पहिल्या पिक्चरला आमी सगळे मागवाले गेलतो. डायरेक्टरबी आलता. पडद्यावर हिरॉइन मेलेली, दस्तगीर गुडघे टेकून गातोय, थेटरात बायका रडत्यात. कडवं संपलं, नुसती सारंगी सुरू झाली. दस्तगीरचे ओठ मात्र हलतच राहिले, आणि आमी सगळे खो-खो हसाय लागलो.

डायरेक्टर तापला. "अहो, मरणाच्या सीनला हसताय काय?"

मी म्हटलं, "सायेब, त्यो म्हणतोय, आवरा की लवकर, गुडघ्याखाली खडा हाय!"