पोटातलं पाणी

"पण साहेब, पाणी जाणार कुठं?" एवढंच विचारलं मी! अवघड आहे का प्रश्न? पण तुम्हाला सांगतो, आजपर्यंत एकानं उत्तर दिलेलं नाही...

म्हणजे बघा, आधीचा हायवे खरखरीत. गाडी घातली की घर्रर्र... कान किटायचे. सगळ्यांनी बोंब ठोकली, आणि सगळ्यांत मोठी बोंब आमच्या दादाची, टेम्पो चालवायचा ना! मग रस्ता घोटून घोटून असा केला, असा केला, की त्यात बघून भांग पाडावा! दादा खूश. "छोट्या, पोटातलं पाणी हलत नाही!" घरी येईल त्याला तेच. वहिनी म्हणायची, "अहो, त्या रस्त्याशीच लग्न करायचं होतं!"

आणि पाऊस आला. पोटातलं हलत नव्हतं, तसं रस्त्यावरचंही हलेना! वळणावर पाण्याचा पातळ थर, नुसता चकाकतोय. टेम्पोची चाकं त्यावर तरंगली... आणि दादा गेला. गेला म्हणजे... गेलाच.

त्याला हॉस्पिटलमधून घरी आणताना शववाहिकेच्या ड्रायव्हरनं काय म्हणावं? "काळजी नको, नव्या रस्त्यानं नेतो, पोटातलं पाणी हलणार नाही!" अहो, कुणाच्या? मला असलं हसू फुटलं, असलं फुटलं... थांबेचना!

तर नेमकी त्याच वळणावर एका मजुरानं हात करून गाडी बाजूला घ्यायला लावली. इंजिनिअरसाहेब छत्रीखाली उभे, पाण्यात पट्टी बुडवून बघतायत. मी मारली उडी खाली. विचारलं. साहेब नाकातून, "त्याचं असं आहे, खरखरीत ठेवला की पाणी निघतं, चाक धरतं, पण आवाज होतो. लोकांना आराम हवा. आता कसं, पोटातलं पाणी..."

"साहेब, पोटातलं राहू द्या! हे जाणार कुठं?"

साहेबांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. झालं उत्तर!

माझं डोकं आधीच फिरलेलं... तिथल्या मजुराच्या हातातला टिकाव ओढला आणि गाडीच्या पुढ्यातच रस्त्याकडेचा मातीचा उंचवटा फोडून चर खणायला लागलो. साहेब ओरडतायत, "अरे, सरकारी काम आहे!" मजूर ओरडतोय, "अहो, माझा टिकाव!" पण पाणी निघालं हो! खळखळ खळखळ... मी चिखलात उभा राहून टाळ्या पिटतोय, आणि मागं गाडीत भाऊ!

मग निघालो. आता गाडी बाहेर काढायची कुठून? त्याच चरावरून! खणणारा मीच, तक्रार कुणाकडे करणार? दादाचं डोकं मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी घट्ट धरलं, आणि म्हटलं, "दादा, सांभाळ हां... दणका बसणार."