मृणालचा एकटीचा तास

गेल्या मंगळवारी आभाळ ढगाळ होतं, वारा पडलेला. आमची दहा वर्षांची मृणाल घरी एकटी राहू शकेल का, ते त्या दिवशी ठरायचं होतं. तरच बायकोला अलिबागची दुपारची नोकरी धरता येणार होती. आम्ही तासभर बाहेर पडलो. जाताना मी फक्त शेजारच्या काकूंना म्हटलं, "जरा लक्ष असू द्या."

परतलो तर ओटीवर कोकम सरबताचे सहा रिकामे पेले.

"कोण आलं होतं गं?"

"काकूंनी आळीभर सांगितलं ना! मासे विकणारी मावरंवाली मावशी, नारळ पाडणारे दादा, सगळे म्हणाले, 'एकटी हायस ना, म्हणून बसाया आलो.' बाबा, मी एकटी कधी राहायचं?"

मला कुतूहल वाटलं. प्रत्येकाच्या येण्याजाण्याची वेळ विचारून वहीत मांडली. साठ मिनिटांत मृणाल एकटी होती ती सात मिनिटं.

सोमवारी बायको नोकरीवर रुजू झाली.