सूज : नाही

मी, वय ४३ वर्षे, धंदा नोकरी (औषध-चाचणीची तपासनीस), राहणार आईसह भाड्याच्या घरात, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

सांधेदुखीच्या एका नव्या गोळीची चाचणी अकरा रुग्णालयांत चालू होती. प्रत्येक ठिकाणी जाऊन नोंदी खऱ्या आहेत का हे पाहणे माझे काम आहे.

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता मी चौथ्या केंद्रावर होते. तेथे बावन्न रुग्णांमागे एकच परिचारिका आहे. मी फायली पाहत असताना एक शिंपी आत आले. त्यांची पत्नी चाचणीतली रुग्ण असून आदल्या दिवशी धाप लागून अतिदक्षता विभागात दाखल झाली होती. त्यांनी पिशवीतून पत्नीच्या चपला काढून टेबलावर ठेवल्या व म्हणाले, "पंधरा दिवस हिचा पाय यात मावत नाही. म्हटलं, सांग की तिथं. तर म्हणते, सिस्टर आधीच दमलेल्या असतात. तुमच्या कागदावर काय लिहिलंय, तेवढं वाचा."

मी वाचले. तिच्या फायलीत तपासणीच्या तिन्ही भेटींत 'पायावर सूज : नाही' असे होते. बाकीच्या एक्कावन्न फायलींतही तेच होते. गोळीने अंगात पाणी साठले तर आधी पाय सुजतात, मग धाप लागते; तो रकाना त्यासाठीच आहे.

परिचारिकेस विचारले असता ती म्हणाली, "पाय बघितलेच नाहीत, मॅडम. एकेकाचा बावीस पानी फॉर्म. रकाना रिकामा ठेवला की संगणक पुढे सरकत नाही. दोन हात कुठं कुठं पुरणार?" ती रडली नाही. तिने फोन ओढला व यादीतल्या पहिल्या रुग्णाला म्हणाली, "काका, मोजे काढा बरं. पायावर बोट दाबा. खड्डा पडतो का?"

मी व्हरांड्यातून उरलेल्या दहा केंद्रांना तेच बघायला सांगितले. पाच वाजेपर्यंत सगळ्या केंद्रांत मिळून आणखी नऊ जणांना सूज निघाली. गोळी त्याच दिवशी सगळीकडे बंद झाली. नऊही जण सुखरूप आहेत. शिंप्यांची पत्नी काल उठून बसली.

शिंप्यांनी परिचारिकेविरुद्ध तक्रार दिली आहे. त्यांचा राग रास्त आहे. परंतु मला न विचारलेली एक गोष्ट सांगते. जोडीला माणूस द्या, असे तिने तीन वेळा लेखी कळवले होते. ती पत्रे माझ्याकडे आली. मी ती फायलीला लावली. 'एकही रकाना रिकामा नाही' म्हणून त्या केंद्राचे कौतुक करून, बाकीच्यांना त्याचा कित्ता गिरवायला सांगणारे पत्रही मीच पाठवले होते.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी 'परिचारिकेच्या चुकीमुळे' असे आले होते. तेथे 'आमच्या चुकीमुळे' असे करून घेतले. आता तो मी सांगितला तसा आहे.