रॉटवायलरच्या घरात मी

हाव रे सुमंत, हाव! कुत्र्यात काहीच खराबी नाही, सारी खराबी माह्यात हाय! मीच चावतो लोकायले! ठेव, ठेव फोन... पाहा, ठेवला बी लेकानं! माहा साळा हाय हा, अंजूचा लहाना भाऊ, बुटीबोरीले कंपनीत हाय. त्याले म्हणलं, तू देलेलं कुत्रं वापस घेऊन जा, त मले म्हणते कसा, "भाऊजी, कुत्रा एकदम बराबर हाय, तुमीच जरा आवाज कमी करा." आता तुमीच सांगा गा, तो चहा राहू द्या बाजूले, माणसानं आपल्याच घरात आवाज कमी करावा? कोनासाठी? कुत्र्यासाठी?

मी ताडपत्र्या शिवतो, तुमाले त मालूम हाय, वाडी नाक्यावरचे अर्धे ट्रक, या धर्मेंद्रचा बी, माह्या शिलाईखाली चालतात. माहा बाप उमरेडले मागावर लुगडे विणे, त्या खटखटीच्या वरून बोलून बोलून त्याचा गळा मोठा झाला, तोच गळा माह्यात आला, त्याले मी काय करू? मी नुसतं "पाणी दे" म्हणलं तरी शेजारी भितीवरून डोकावते. पण अंजूनं आयकलं ना इतके वर्षं! वापस तेवढंच सुनावलं बी! आमचं मस्त चालू होतं. मंग आंगनातून ताडपत्र्या चोरीले जाऊ लागल्या, अन् हा सुमंत एक पिल्लू घेऊन आला. रॉटवायलर. राखणीची जात म्हणे. काळं, गुबगुबीत, भुवयाच्या जागी दोन पिवळे टिक्के. मले वाटलं, ठीक हाय, पडून राहीन आंगनात.

आता एक गोष्ट तो बोलला होता, खोटं काहून सांगू. म्हणे, "भाऊजी, पहिले सहा महिने याले आपल्या हातानं खाऊ घाला, आपणच फिरवा, चार लोकायची ओळख करून द्या. ही जात ज्याच्या हातचं खाते त्याचीच होते." मी म्हणलं, आबे, मी माणूस आहो का कोन आहो? आमच्या घरात पहिली भाकर कुत्र्याचीच निघते, माह्या आजीपासून निघते, पण ते बाईमाणूस टाकते ना! मी काय भाकर दुधात कुस्करून त्याच्या तोंडात देऊ, ये बाळा, आऽ कर? देलं पिल्लू अंजूच्या पदरात. बस.

तुमाले सांगतो, वर्षाच्या आत वासराएवढं झालं! चोरी बंद, हे कबूल. चोर त सोडा, मीटर पाहाले येते तो पोट्टा बी रस्त्यावरूनच हात जोडते. पण हा राखण कशाची करून राहिला? ताडपत्रीची? नाही गा! अंजूची! अन् कोनापासून? माह्यापासून!

पहिल्यांदा झालं ते वांग्याच्या भाजीवरून. मीठ जास्त. मी आपला ताटावरून बोललो, नेहमीसारखा, "काहून वं, मिठाचं पोतं फुटलं का?" एवढंच! त हा उठला. भुकला नाही. या जातीचं हेच त वाईट, भुकत नाही! सावकाश आला, माह्या अन् तिच्या मधात उभा राह्यला, ढुंगण तिच्या गुडघ्याले टेकवलं, अन् माह्याकडे पाहून राहिला. नुसता पाहून राहिला. चौकात पोलीसवाला पाह्यते ना, "गाडीचे कागद दाखवा," तसा! मी म्हणलं, "अंजू... भाजी चांगली झाली."

घर माहं, बायको माही, अन् परवानगी त्याची!

आता मी भांडतो कसा, आयका. "अंजू... माहा सदरा कोठी ठेवला वं... तुले काही अक्कल हाय का वं..." असं! पाळण्यातल्या लेकराले निजवून राहिल्यासारखं! अन् तिले मोकळं रान! भांडे आपटते, "तापट, आळशी, तुमच्या मायनं तुमाले काही शिकवलंच नाही," साऱ्या खानदानाले पाणी पाजते, तवा हा उठते का? डोळे मिटून पडून राह्यते! वरून शेपटाचा खुंट हालवते! हा कोनता न्याय हाय गा?

अन् बोलते कशी ती त्याच्यासंग! "माहा राजा थकला का? ऊन लागलं का माह्या राजाले?" मले पोट्टी झाल्यापासून "मिनलचे बाबा" अन् त्याले राजा! मी दिवसभर मे महिन्याच्या उन्हात दाभण ओढून येतो, हे बोटं पाहा, हे पाहा, मले कोनी इचारलं का ऊन लागलं का म्हणून? परवा घरी येतो त कूलरचं तोंड त्याच्याकडे! नागपूरचा मे, अन् कूलर कुत्र्याले! मी म्हणलं, हळूच म्हणलं, "अंजू, मी बी इथंच बसलो आहो वं." त म्हणते, "त्याले आंगभर केस हायत बिचाऱ्याले. तुमाले काय हाय?" काय हाय!

घर माहं, कूलर माहा, अन् हवा त्याची!

पण हे बी मी सोडून देलं असतं. खरं सांगतो, देलं असतं. माह्या डोक्यात गेलं ते दुसरंच. दिवेलागणीले हा फेरी मारते. दरोज. पहिले मिनल, माही पोट्टी, पुस्तक घेऊन बसली राह्यते, तिच्या पायाले नाक लावते. मंग अंजू. मंग कोंबड्यायचं खुराडं. मंग बकरी. हाव, हासू नका, बकरी! तिचे त दोन्ही कान हुंगते. मंग दारात आडवा पडते अन् मोठा सुस्कारा सोडते. मिनल म्हणते, "बाबा, तो घरचे मोजते. सारे आले का नाही पाह्यते." अन् मी? मी तिथंच बाजेवर बसलो राह्यतो गा! बकरी मोजली, मले नाही!

काल मी मुद्दाम पाय पुढं केला. म्हणलं घे बा, लाव नाक. त माह्या पायावरून टांग टाकून गेला बकरीकडे! मंग मी अंजूची नजर चुकवून भाकर घेतली, गूळ लावला, माह्या हातानं, ज्या हातानं मी सख्ख्या पोट्टीले कधी भरवलं नाही, त्या हातानं त्याच्यापुढं धरली. घेतली नाही! सैपाकखोलीकडे पाहात राह्यला. अंजू आली, "घे रे राजा" म्हणाली, तवा घेतली!

घर माहं, भाकर माही, अन्... जाऊ द्या.

आज सकाळी मंग मी ओरडलोच. म्हणलं, या घरात हा राहीन नाही त मी राहीन! अंजू काय म्हणाली असन? इचार करत राह्यली! अबे, इचार करत राह्यली ती! अन् मिनल तिकून म्हणते, "बाबा, हळू बोला, राजा उठून राहिला." निघालो चप्पल घालून, ते इथं चहाच्या टपरीवर.

अन् आता हा सुमंत फोनवर मले काय समजावते? "भाऊजी, तुमी घरचेच हाव त्याच्यासाठी. बाहेरचा कोनी तुमच्यावर चालून आला ना, तवा पाह्यजा." तवा पाह्यजा! पाहू कसं? माह्यावर आवाज चढवाची वाडीत कोनाची हिंमत हाय? तुमच्यापैकी कोनी केली का कधी? मंग त्या कुत्र्याले मालूम कसं होईन, का मी बी राखण करासारखा आहो म्हणून?

धर्मेंद्र, ठेव तो कप. ट्रक राहू दे उभा. चाल माह्या घरी. फाटकाच्या आत येऊ नको, जिवानिशी जाशीन. बाहेरूनच ओरड माह्यावर, मोठ्यानं, बापावरून गेला तरी चालन. मी आंगनात एकटा उभा राह्यतो. मले फक्त पाहाचं हाय, तो मधात येते का.

अन् नाही आला त लगेच चूप होऊ नको. ओरडतच राह्य थोडा वेळ. वाट पाहू.

ऊठ गा. चाल.